व्हिडिओ कॉलवर लहान मुलांचं गणित पाहायचं, तर आधी हात दिसू द्या

चार ते सात वर्षांचं मूल तोंडाने कमी आणि हातांनी जास्त गणित करतं. झाकणं सरकवतं, बोटं उघडतं-मिटतं, एकच वस्तू दोनदा मोजतं आणि मध्येच थबकतं. उत्तर ‘सात’ आलं की ‘नऊ’ आलं, याने फारसं काही कळत नाही. ते उत्तर कुठून कसं आलं, हे कळलं तर मुलाचं गणित कळलं. व्हिडिओ कॉलवर नेमकं हेच निसटतं. आई कौतुकाने लेकराचा चेहरा फोनच्या मधोमध आणते, हात चौकटीबाहेर जातात, आणि आपल्याकडे वीस मिनिटांचं गोड रेकॉर्डिंग जमा होतं. त्यात गणित कुठेच नसतं.

मी नाशिकला बालशिक्षणाच्या विद्यार्थिनींना शिकवते. त्या दरवर्षी मुलांच्या गणिताचे छोटे अभ्यास करतात. कुणी सिडकोत राहते, कुणी पेठहून येते, कुणाचं माहेर मालेगावचं. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात दहा घरं गाठायची तर एसटीतच दिवस जातात, म्हणून कॉल. पण प्रवास वाचतो यापेक्षा मला दुसरा फायदा मोठा वाटतो. मूल आपल्याच सतरंजीवर, आपल्याच माणसांत बसलेलं असतं. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, ती याच जाणिवेने. मूल परक्या खोलीत गप्प बसतं आणि घरात बोलतं. कॉल नीट मांडला तर आपल्याला त्या घरात बसायला जागा मिळते. तो कसा मांडायचा, ते सगळं इथे लिहिते आहे. शिक्षिका, अंगणवाडी ताई, एम. एड. करणारे, कुणालाही उपयोगी पडेल.

मुलं कोणती, वेळ कोणती

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी हा मार्ग धरू नका. पडद्यावरचं माणूस आपल्याशीच बोलतंय हे त्यांना पुरतं उमगत नाही, आणि उमगलं तरी पाच मिनिटांत ती उठून जातात. छोट्या गटापासून दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी हे चांगलं चालतं.

वेळ मुलाच्या सोयीची हवी हे खरं, पण आधी फोनची वेळ बघावी लागते. घरात एकच चांगला फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीत काम असेल तर या आठवड्यात फोन सकाळी घरी, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी. सुरगाणा-पेठची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे उतरतात. ऑक्टोबरच्या छाटणीला भेटलेलं मूल जानेवारीत बागेजवळच्या झोपडीतून बोलेल. दोन्ही कॉलची तुलना करताना ही जागा नोंदवलेली असली पाहिजे. जेवणाआधी आणि झोपेच्या वेळी कॉल ठेवू नका. पावसाळ्यात डोंगराकडच्या गावांसाठी एक जास्तीचा दिवस हाताशी ठेवा, कारण तिथे लाईट आणि रेंज एकदमच जातात.

हेही मनात पक्कं असू द्या की या पद्धतीत फोन आणि नेट असलेल्या घरातलीच मुलं येतात. अंगणवाडीत ताईंच्या फोनवरून काही मुलांशी बोललात, तर ही त्रुटी थोडी भरून निघते. पण मग ती मुलं घरातली राहत नाहीत. दोघांची नोंद वेगळी करा.

घरी पाठवायची पुरचुंडी

‘घरातलं काहीही मोजायला घ्या’ असं सांगितलं की एका घरी शेंगदाणे येतात, दुसऱ्या घरी दादाच्या गाड्या. शेंगदाणे खाल्ले जातात आणि गाड्या पळतात. म्हणून प्रत्येक घरी सारखंच साहित्य पोचवा. आमच्या पुरचुंडीत एकाच रंगाची पंधरा झाकणं असतात, पाण्याच्या बाटलीची. चिंचोके कॅमेऱ्यात दिसत नाहीत आणि लहान मुलं ते नाकात घालतात. झाकणांबरोबर एक गडद, बिननक्षीचा कापडाचा तुकडा, दोन वाट्या, बंद करता येणारा एक अपारदर्शक डबा, एक कापडी बाहुली आणि ठिपके काढलेली काही कार्डं. कापड गडद आणि झाकणं पांढरी, म्हणजे नेट मंद झालं तरी झाकणं ओळखू येतात. फुलाफुलांच्या चादरीवर पांढरं झाकण हरवतं.

पुरचुंडी अंगणवाडी ताईंकडून पाठवली तर बरं. घरच्यांना आपण कोण ते त्या निमित्ताने कळतं. आणि मुलाने ती कॉलआधी उघडून मनसोक्त खेळावी, असं सांगून ठेवा. नव्या वस्तूचं नवं वाटणं ओसरलं की मोजण्याकडे लक्ष जातं.

फोन कुठे टेकवायचा

मूल जमिनीवर मांडी घालून बसेल, समोर पाट, पाटावर कापड. पाटाच्या पलीकडच्या कडेला पिठाचा किंवा तांदळाचा उंच डबा ठेवून त्याला फोन आडवा, पडू नये असा बांधायचा आणि वरचा भाग थोडा मुलाकडे झुकवायचा. चौकटीत खाली पाटावरचं सगळं कापड आणि वर मुलाची हनुवटी यायला हवी. डोळे दिसले तर उत्तमच, पण दोन्ही येत नसेल तर डोळे सोडा आणि हात घ्या.

मागचा कॅमेरा जास्त स्पष्ट असतो हे मला माहीत आहे. पण तो वापरला की पडदा उलट्या बाजूला जातो आणि मुलाला आपण दिसत नाही. एका फोनवर काम असेल तर पुढचाच कॅमेरा ठेवा. घरात दुसरा फोन असेल तर तो वरून, बरोबर पाटाच्या डोक्यावरून दाखवायला वापरा. त्याचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमत राहतो.

खिडकी मुलाच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. पार्श्वभूमी पुसट करण्याची सोय हटकून बंद करा. मुलाने उचलून दाखवलेलं झाकण ती भिंतीबरोबर पुसून टाकते.

आणखी दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. पहिली, आवाज. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप बोलणं सोडून बाकीचे आवाज गाळतात. आपल्याला मात्र वाटीत पडणाऱ्या झाकणाचा टक् आणि मुलाचं ओठातल्या ओठात पुटपुटणं दोन्ही हवं असतं. टक् चार वेळा आणि तोंडातून शब्द तीन, हे ऐकू आलं तरच कळतं की एक झाकण मोजणीतून सुटलं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती मुलाच्या घरच्या फोनवर सुरू करावी लागते, आपल्याकडे करून उपयोग नाही. पंखाही तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा.

दुसरी, स्वतःचं चित्र. पडद्याच्या कोपऱ्यात मुलाला स्वतःचा चेहरा दिसतो आणि ते त्याच्याकडेच बघत बसतं. शिवाय ते चित्र आरशासारखं उलटं असतं. मुलाने पाटीवर ४ काढून दाखवला की आपल्याला सरळ दिसतो, पण त्याला स्वतःच्या पडद्यावर उलटा दिसतो. मग बरोबर काढलेला आकडा ते पुसून टाकतं. अंक उलटे काढण्याबद्दल अभ्यास करत असाल, तर एवढ्या एका गोष्टीने सगळी माहिती गढूळ होते. स्वतःचं चित्र लपवायची सोय झूममध्येही आहे आणि गूगल मीटमध्येही. कॉल सुरू होताच आईकडून ते करून घ्या.

मोफत झूमची मर्यादा ४० मिनिटांची आहे, ती पुरते. दहा मिनिटं घरच्यांशी, वीस मुलाशी, उरलेली अडचणींसाठी. मोफत खात्यात रेकॉर्डिंग लॅपटॉपवरूनच होतं, फोनवरून नाही, हे आधी लक्षात ठेवा. आणि मुलाची चौकट ‘पिन’ करा. नाहीतर आपण बोललो की रेकॉर्डिंग आपल्या चेहऱ्यावर उडी मारतं, आणि प्रश्न विचारून झाल्या झाल्या मुलाने जे केलं तेच नेमकं गायब होतं. मीटमध्ये रेकॉर्डिंगला पैसे पडतात. व्हॉट्सअ‍ॅप कॉल ओळख करून घ्यायला चांगला, अभ्यासाला नको.

जवळ बसलेलं मोठं माणूस

आपल्या घरांत मूल एकटं कॉलवर नसतं, आणि नसावंच. आई, आजी, काकू, शेजारची ताई, कुणीतरी असतंच. मुलाचं उत्तर चुकलं तर घराची लाज जाईल असं त्यांना वाटतं. मग आजी हळूच ‘सहा म्हण’ म्हणते, आई नुसती मान हलवते, मोठा भाऊ बोटं दाखवतो. यात कुणाचाही दोष नाही. शाळेने इतकी वर्षं उत्तरच विचारलं, तेच ते पुढे करतात.

म्हणून पहिला कॉल मुलाशी नाही, मोठ्यांशी करा. मी साधारण असं बोलते: ‘ताई, ही परीक्षा नाही. बरोबर उत्तर आलं तर मला थोडंच कळतं, चुकलं तर खूप कळतं. तुम्ही सांगितलंत तर तुमचं गणित कळेल, त्याचं राहून जाईल.’ या शेवटच्या वाक्यावर बहुतेक आया हसतात आणि मग खरंच गप्प बसतात.

नुसतं गप्प बसायला सांगणं पुरत नाही, हाताला काम द्या. आईला मुलाच्या मागे बसवा, म्हणजे तिचा चेहरा मुलाला दिसणार नाही. तिच्या हातात कागद-पेन द्या आणि आपल्याला पडद्यावर न दिसणाऱ्या गोष्टी लिहायला सांगा: पाटाखाली हात गेला का, पायाची बोटं मोजली का, कुणाकडे बघितलं. आजी असतील तर ‘तुमच्याशी मला नंतर निवांत बोलायचंय’ असं आधीच सांगून ठेवा, आणि खरंच बोला.

हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. आजी कशा मोजतात हे कळलं की नातवंडाचे हात वाचता येतात. आपल्याकडे जुनी माणसं बोटं उघडत नाहीत, अंगठा पेरांवरून फिरवतात. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, एका हातावर बारा. जपाची सवय असलेल्या घरात मूलही ते उचलतं. कॅमेऱ्यात मग फक्त मिटलेली मूठ दिसते आणि आत अंगठा चालू असतो. माहीत नसलेला माणूस ‘मनात मोजलं’ असं लिहून मोकळा होईल. पेरांचा संशय आला तर म्हणा, ‘तुझा हात मला आतून दाखव ना, अंगठा कुठे कुठे जातो ते बघू.’ मुलं हे आनंदाने दाखवतात, कारण मोठ्या माणसाला शिकवायची ही त्यांची संधी असते.

काय काय करून बघायचं

मोजणी म्हणजे आकड्यांची माळ म्हणणं नव्हे. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, ती आजही हाताशी ठेवण्यासारखी आहेत: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम पक्का, शेवटचा शब्द म्हणजे एकूण, मोजायला काहीही चालतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी एकूण तेच. मुलाला यातलं काय येतं आणि काय अजून यायचंय, हे वेगवेगळ्या कृतींतून दिसतं.

ओळीत आठ झाकणं मांडून मोजायला सांगा, मग तीच विस्कटून. ओळीत जमणारं मूल विस्कटल्यावर कुठून सुरुवात केली ते विसरतं. काही मुलं मोजलेलं झाकण बाजूला सरकवतात. ही युक्ती त्यांनी स्वतः शोधलेली असते, ती ठळक नोंदवा. मोजून झालं की विचारा, ‘मग किती आहेत?’ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर शेवटचा शब्द म्हणजे एकूण हे बहुधा अजून बसलेलं नाही.

त्याहून जास्त सांगणारी कृती म्हणजे ‘बाहुलीला चार दे’. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास ही अभ्यासात रूढ केली. मुलं आधी ‘एक’ नीट देतात, मग काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. याहून मोठी संख्या मागितली की मूठभर उचलून देतात. पुढे कधीतरी मोजणीचं मर्म कळतं आणि मग कितीही मागितलं तरी मोजून देतात. एकापासून सुरू करा, जमलं तर एक वाढवा, चुकलं तर एक कमी करा, आणि एकाच संख्येला तीनपैकी दोनदा जमलं तर ती आली असं धरा. दिल्यावर एकदाच म्हणा, ‘हे चार आहेत का? मोजून बघ.’

हात का दिसायला हवेत ते याच कृतीत कळतं. पंचवटीतल्या एका साडेपाच वर्षांच्या मुलीला, वहीत मी तिला मैना म्हणते, बाहुलीसाठी पाच झाकणं मागितली. तिने सात ठेवली. ‘पाच आहेत का? मोजून बघ.’ तिने एकेकावर बोट ठेवत सातपर्यंत मोजलं आणि क्षणभर वाटीकडे बघत राहिली. मग पुन्हा सुरुवात केली. ‘एक’ म्हणताना दोन झाकणांवरून बोट सरकवलं, दोन, तीन, चार एकेकावर, आणि ‘पाच’ म्हणताना उरलेल्या दोन्हींवर तळवा ठेवला. ‘पाच!’ नुसता आवाज ऐकणाऱ्याला वाटेल, बिनचूक मोजलं. हात बघणाऱ्याला तिचं सगळं कळतं: शेवटचा शब्द मागितलेल्या संख्येशी जुळला पाहिजे हे तिला पक्कं ठाऊक आहे, झाकण काढून टाकता येतं हे तिच्या डोक्यात आलेलं नाही, म्हणून तिने मोजणीच वाकवली. पुढच्या कॉलला तिला काय द्यायचं हे यातून सरळ ठरतं.

बेरीज-वजाबाकीसाठी डबा. मुलाने स्वतः तीन झाकणं मोजून डब्यात टाकायची, डबा बंद करायचा, मग उघडून आणखी दोन टाकायची आणि पुन्हा बंद करायचा. ‘आता आत किती असतील?’ बघायच्या आधी सांगायचं, मग उघडून बघायचं. कागदावर ३ + २ बघून गोंधळणारं मूल इथे शांतपणे पाच म्हणतं.

दोन ओळी सारख्या की कमी-जास्त, ही मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेंची प्रसिद्ध कृती कॉलवर जपून करा. सारख्या झाकणांच्या दोन ओळी मांडायच्या, मग एक ओळ पसरवून विचारायचं, ‘आता सारख्या आहेत की कमी-जास्त?’ तिरक्या कॅमेऱ्यात पलीकडची ओळ आखूड दिसते. आपण आपल्या टेबलावर झाकणं मांडून दाखवणार असू तर कॅमेरा बरोबर वरून हवा. मुलाच्या घरी करायची तर ओळ पसरवायची कुणी? आईने पसरवली तर मुलाला वाटतं, आईने केलंय म्हणजे काहीतरी बदललंच असणार. सत्तरच्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी खोडकर टेडीकडून ओळ विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी ‘सारख्याच आहेत’ असं सांगितलं. आमच्या पुरचुंडीतली बाहुली त्याच कामाची. ती मुलाच्याच हाताने झाकणांतून धावते.

वीसच्या पुढे मोजायला लावा आणि माळ कुठे तुटते ते बघा. मराठीत ती बहुतेक एकोणतीस, एकोणचाळीसला तुटते. नावात पुढचा दशक आधीच येतो, आणि मूल अठ्ठावीसनंतर थेट तीसवर जातं किंवा एकोणतीसनंतर एकोणचाळीस म्हणतं. लिहिताना दुसरी अडचण: पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून कानाला प्रमाण मानणारं मूल ५२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आणलं ते याच कारणाने. गणित समितीच्या तेव्हाच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार मांडला होता, आणि वाद विधिमंडळापर्यंत गेला. तुमचं मत काहीही असो, मूल शाळेत कोणतं ऐकतं आणि घरी कोणतं, हे आधी विचारून घ्या. आणि लिहून झालेली पाटी बघून भागत नाही. लिहिताना कोणता अंक आधी काढला, ते दिसायला हवं. पंचवीसचा ५ आधी काढून मग २ त्याच्या डावीकडे बसवणारं मूल उत्तर बरोबर लिहितं, पण कानाने चालतंय हे त्या क्रमातूनच कळतं.

सुरगाण्याकडे घरात कोकणा, बागलाणात अहिराणी, मालेगावात कितीतरी घरांत उर्दू. मोजणी घरच्या बोलीतच करू द्या. आपल्याला ती येत नसेल तर येणारी ताई कॉलवर घ्या.

‘आवाज आला नाही, परत सांग’

कॉलवरच्या अभ्यासाला सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. लहान मुलाला तोच प्रश्न पुन्हा विचारला की त्याला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं. ते उत्तर बदलतं. वर्गात आपण हे टाळू शकतो, पण नेट अडकलं की नकळत तेच करून बसतो, आणि मग बदललेलं उत्तर खरं म्हणून वहीत जातं.

उपाय कॉलच्या सुरुवातीलाच करायचा. मुलाला सांगा, ‘माझा फोन कधीकधी झोपतो. तो झोपला की मी हात वर करेन. मग तू आधी सांगितलंस तेच मला परत सांगायचं, नवीन नाही.’ खेळ म्हणून एकदा करूनही बघा: त्याने आवडत्या भाजीचं नाव सांगायचं, आपण हात वर करायचा, त्याने तेच नाव परत सांगायचं. याने बरंच सावरतं. तरीही एखाद्या प्रश्नाच्या ऐन वेळी चित्र थिजलं असेल, तर तो प्रश्न सोडून द्या, ‘नेट गेलं’ असं लिहा आणि वेगळ्या संख्येने नवा प्रश्न घ्या.

प्रश्न विचारल्यावर आपण थांबायला शिकलं पाहिजे. आवाज पोचायला थोडा उशीर, मुलाला विचार करायला थोडा वेळ, परत यायला थोडा उशीर. ती शांतता पडद्यावर फार लांब वाटते आणि आपण मदतीचा शब्द टाकतो. मी त्या वेळी मनात सावकाश दहा आकडे म्हणते. वेळ मोजण्यावर आधारलेले प्रयोग, म्हणजे अर्धा सेकंद ठिपके दाखवून किती ते विचारणं वगैरे, कॉलवर करू नका. समोरच्या पडद्यावर ते ठिपके नेमके किती वेळ राहिले, हे आपल्या हातात नाही.

‘शाब्बास’ फक्त बरोबर उत्तराला म्हटलं तर दोन प्रश्नांत मुलाला खूण कळते. प्रत्येक उत्तराला ‘बरं’ किंवा ‘हं, कळलं’ म्हणा आणि लगेच ‘तुला कसं कळलं?’ विचारा. बरोबर उत्तरालाही विचारा. शाबासकी प्रयत्नाला द्या, कॉल संपताना, भरभरून.

रेकॉर्डिंग बघताना

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. हात, नजर, झाकणांची जागा, एवढंच लिहा. मग आवाजासह बघा. वहीत पाच रकाने: वेळ, मी काय म्हटलं, मूल काय म्हणालं, हातांनी काय केलं, नजर कुठे होती. आईचा कागद शेजारी ठेवा. ‘केलं नाही’ आणि ‘दिसलं नाही’ या दोन नोंदी कधीही एक करू नका. पाटाखाली गेलेल्या हाताने काय केलं ते आपल्याला ठाऊक नाही, तर तसंच लिहा. काही रेकॉर्डिंग दुसऱ्या मैत्रिणीला तुमच्या नोंदी न दाखवता बघायला द्या आणि दोघींचं कुठे जुळत नाही ते बसून बोला. जमलं तर थोड्या मुलांना प्रत्यक्षही भेटा, निम्म्यांना आधी प्रत्यक्ष आणि निम्म्यांना आधी कॉलवर. कॉलमुळे काय बदललं आणि मुलाचं खरंच काय बदललं, हे तेव्हाच वेगळं करता येतं.

परवानगी आणि नंतर

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. आजींनी ‘हो घ्या की’ म्हटलं तरी आई किंवा वडिलांची लेखी संमती घ्या. कागद मराठीत, एका पानाचा, आणि त्यात स्पष्ट लिहा: रेकॉर्डिंग कोण बघणार, कुठे राहणार, कधी पुसणार, आणि मध्येच नको म्हणालात तरी चालेल. मग मुलाला वेगळं विचारा. त्याने पाठ फिरवली, झाकणं फेकली, ‘आई, बंद कर’ म्हटलं, तर तो नकार आहे, कॉल तिथेच थांबवा. फाइलला मुलाचं नाव देऊ नका. कितीही गोड असली तरी क्लिप व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका, अगदी त्याच मुलाच्या शाळेच्या गटावरसुद्धा.

अभ्यास संपला की प्रत्येक घराला एक फोन करा. तुमच्या मुलाला काय येतं ते दोन-तीन वाक्यांत सांगा, इतर मुलांशी तुलना न करता. मैनाच्या आईला मी म्हटलं होतं, ‘तिला पाच म्हणजे किती ते कळत चाललंय. आता पोळ्या वाढताना तिलाच विचारा, जास्त झाल्या तर किती परत ठेवायच्या.’ पुरचुंडी परत मागू नका. आणि अंगणवाडी ताईंना गटाबद्दल बोलायचं असेल तर कृतींबद्दल बोला, मुलांच्या नावांची यादी देऊ नका.